शेवटचा नळ

माझं माहेर बडनेऱ्याचं. वडील रेल्वेत, राहायला रेल्वेचं क्वार्टर, आणि नळ सोडला की पाणी येतं एवढंच आम्हाला ठाऊक. नळाची वाटही पाहावी लागते हे मला लग्नानंतर कळलं. सासर अकोला जिल्ह्यातलं, खारपाणपट्ट्यातलं. जमीन काळीभोर, हरभरा बघत राहावा असा, पण विहिरीचं पाणी तोंडात घेतलं की थुंकून टाकावं. लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मी विहिरीच्या पाण्याचा चहा टाकला आणि दूध फाटलं. सासूबाईंनी पातेल्यात डोकावून पाहिलं आणि विचारलं, "एमे केलं म्हणे तुनं?" तेव्हापासून आमच्या घरात माझ्या शिक्षणाचा विषय निघाला की त्या चहाचाही निघतो.

गावाला गोडं पाणी येतं ते लांबच्या धरणावरून. आठ दिवसांतून एकदा गावची टाकी भरते आणि दुपारी दोन-अडीच तास नळ सुटतात. त्या दिवसाला आमच्याकडे 'पाण्याचा दिवस' म्हणतात. त्या दिवशी पाहुण्यांनी येऊ नये, आणि आलेच तर हंडा उचलू लागावं.

लग्नाला सहा वर्षं झाली आणि आमच्या गावची सरपंचपदाची जागा महिलेसाठी सुटली. घरच्यांनी मला उभं केलं. सासूबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणते, गुडघे दुखत असतानाही दारोदार फिरल्या. "सून तापट हाय, पण चोर नाही," हा त्यांचा प्रचार. मी निवडून आले. दुसऱ्याच दिवशी अकोल्याला जाऊन माझ्या स्कूटीवर पुढे लाल अक्षरात 'सरपंच' लिहवून आणलं. आता सांगायला लाज वाटते, पण तेव्हा मी ती स्कूटी सबंध आठवडा सावलीत उभी केली नाही, लोकांना वाचता यावं म्हणून.

लोकांनी वाचलं, पण म्हटलं नाही. गावात 'सरपंच' म्हटलं की एकच माणूस. पंचवीस वर्षांपूर्वी दोन वेळा सरपंच झालेले, माझ्या सासऱ्यांचे लांबचे भाऊ. मी त्यांना काकाजी म्हणते. पंचाहत्तरी उलटलेली, अंगात पांढरी बंडी, हातात काठी, पण ती टेकायला कमी आणि दाखवायला जास्त. पंचायतीत कोणी "सरपंच आले" म्हटलं की मी खुर्चीत सावरून बसायची आणि दारातून काकाजी आत यायचे. मी मात्र सगळ्यांची 'सूनबाई'. अस्सा राग यायचा.

काकाजींनी स्कूटी पाहिली तेव्हा चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि वाचलं. "गाडीले कशाले सांगतं बाई?" म्हणाले. "गाडीले मत नाही."

मी चार दिवस त्यांच्याशी बोलले नाही. पाचव्या दिवशी गेले, कारण ग्रामसभा तोंडावर आली होती आणि ती कशी चालवायची ते मला काडीचं कळत नव्हतं. अडला हरी गाढवाचे पाय धरी, असं मनात म्हणतच गेले. त्यात गाढव कोण हे पुढे उशिरा कळलं.

त्यांचं घर गावाच्या पार टोकाला, बौद्धपुऱ्याच्याही पलीकडे. दोन खोल्या, पुढे निंबाचं झाड, झाडाखाली बाज आणि बाजेला लागून नळ. तो गावचा शेवटचा नळ. त्या बाजेवर माझी शाळा सुरू झाली. शाळा कसली, मी विचारायची आणि ते उत्तर द्यायचे नाहीत. उलट मलाच विचारायचे. पहिली ग्रामसभा मी अगदी दणक्यात घेतली असं मला वाटलं होतं. काकाजी दाराजवळ खाली सतरंजीवर बसले होते. नंतर म्हणाले, "कोण कोण आलं होतं सांग." मी पुढच्या दोन रांगा घडाघडा सांगितल्या.

"अन् बाया?"

"बाया नव्हत्या काकाजी."

"होत्या. भिंतीमागं उभ्या होत्या, बावीस. तुह्या खुर्चीवरून भिंतच दिसते."

पुढच्या सभेत मी खुर्ची उचलून दाराशी नेऊन ठेवली. बाया आत येऊन बसल्या. घरी जाऊन मी आमच्या ह्यांना ही आयडिया माझीच म्हणून सांगितली.

अशा त्यांच्या पुष्कळ खोडी होत्या. कोणाचा अर्ज आला की तो पंचायतीत वाचायचा नाही, त्या माणसाच्या दारात बसून त्याच्यासमोर मोठ्यानं वाचायचा. जेवणाची पंगत असली की वाढायला उभं राहायचं आणि भाजी संपत आली की मग स्वतः बसायचं. हे सगळं मी तोंड वाकडं करत का होईना करायची. एक मात्र करत नव्हते. त्यांचं म्हणणं होतं की पाण्याच्या दिवशी सरपंचानं शेवटच्या नळावर येऊन बसावं. कशाला? तर बसावं. मला हा म्हातारपणचा हेका वाटायचा. त्यांना एकट्याला करमत नसेल म्हणून बोलावतात, असंही वाटायचं. कारण काकू त्याच वर्षी दिवाळीनंतर गेल्या होत्या.

काकूंची आणि त्या नळाची गोष्ट मला आत्याबाईंनी सांगितली. काकाजी सरपंच होते तेव्हा गावात पहिल्यांदा पाइप टाकायचं ठरलं. नकाशात पाइप मारुतीच्या देवळापाशी संपत होता, बौद्धपुरा बाहेरच. साहेब म्हणाले, पुढे दाब पोचत नाही. काकाजींनी वाद घातला नाही. ते गावाच्या मधलं आपलं माडीचं घर भावाला देऊन बौद्धपुऱ्याच्या पलीकडच्या आपल्या गोठ्यात बिऱ्हाड घेऊन राहायला गेले, आणि साहेबांना म्हणाले, सरपंचाच्या घरी नळ देसान की नाही? सरपंचाला नळ नाही कसं म्हणता? पाइप पुढे गेला. रस्त्यात बौद्धपुरा होताच, सगळ्या घरांना नळ मिळाले.

"लोकाइनं हार घातले बुढ्याले," आत्याबाई म्हणाल्या. "अन् बुढी बसली गोठ्यात. शेवटच्या नळाले पाणी कधी येते, कधी नाही. जिंदगीभर म्हणत राहिली, सरपंचाची बायको अन् घागर रिकामी."

नंतर गाव वाढलं, नळ वाढले, आणि शेवटच्या नळाचं पाणी आधी कमी झालं आणि मग बंदच झालं. बौद्धपुऱ्यात करंगळीएवढी धार, आणि काकाजींच्या नळाला नुसती हवा. मी निवडून आले त्या वर्षी नवा पाइप पडला, जुन्यापेक्षा मोठा. काकू रोज दारात बसून खोदकाम पाहायच्या म्हणे. पाइप त्यांच्या दारापर्यंत आला, नळाला नवी तोटी लागली, आणि पाणी सुटायच्या आधी त्या गेल्या.

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत माझ्या हातात माइक होता, आणि माझ्या हातात माइक असला की मी जरा वाहवत जाते. मी म्हणून बसले, "येत्या अक्षय तृतीयेची घागर प्रत्येकानं आपापल्या दारच्या नळावर भरायची. ही माझी जबाबदारी." टाळ्या पडल्या. अक्षय तृतीयेला आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावानं नवी मातीची घागर भरतात. वर आंबा नाहीतर खरबूज ठेवतात आणि पाणी देतात. माणूस गेल्यानंतरची पहिली घागर असली की घरचे फार जपतात.

सभा सुटल्यावर काकाजी काठी घेऊन हळूहळू माझ्यापाशी आले.

"शेवटच्या नळावर पण?"

"हो काकाजी, शेवटच्या नळावर पण."

"बरं. मंग मी घागर आणून ठेवतो."

आणि खरंच आणून ठेवली. लाल, कोरी, नळाच्या बाजूला पालथी. त्यानंतर मी जेव्हा जेव्हा त्यांच्याकडे गेले, तेव्हा तेव्हा ती घागर माझ्याकडे पाहत होती. ते कधी एका शब्दानं बोलले नाहीत. त्यापेक्षा बोलले असते तर बरं झालं असतं.

नवा पाइप पडूनही पाणी टोकाला जाईना. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. मी अकोल्याच्या ऑफिसात तीनदा जाऊन आले. एकदा साहेब दौऱ्यावर, एकदा मीटिंगमध्ये. तिसऱ्यांदा भेटले आणि म्हणाले, पाइप बरोबर आहे मॅडम, गावात मोटारी लागत असतील. नळाला मोटर लावून पाणी ओढलं की पुढच्याला पोचत नाही, हे मलाही ठाऊक होतं. परत येऊन मी कडक नोटीस काढली. नळाला मोटर लावणाऱ्याचा नळ कापण्यात येईल, खाली माझी सही, शिक्का. गावात चार ठिकाणी लावली. एक आमच्याच घराच्या भिंतीवर, कारण आमचं घर टाकीजवळ, रहदारीचं.

पुढच्या पाण्याच्या दिवशीही शेवटचा नळ कोरडाच राहिला. अक्षय तृतीयेला पंधरा दिवस उरले होते. माझा धीर सुटला. मी काकाजींकडे जाऊन म्हटलं, "मी आरओचं कॅन पाठवते, चांगलं थंड, गोड पाणी. त्यानं घागर भरा."

त्यांनी मान हलवली. "तिले कॅनचं पाणी पाजायचं असतं तं मी दिवाळीलेच पाजलं असतं. तिनं या नळाची वाट पाह्यली बाई."

मला रडू आलं आणि त्याचा रागही आला. "मग मी काय करू? सगळं तर करून बसले!"

"एक राहिलं," ते म्हणाले. "शेवटच्या नळावर येऊन बसायचं राहिलं. अन् येशील तं गाडीनं नको येऊ. टाकीपासून पाण्यासंगं पायी ये."

म्हटलं, ठीक आहे, हेही करून पाहू, म्हणजे नंतर मला बोल लावायला नको. पाण्याच्या दिवशी दुपारी दोन वाजता मी डोक्यावर ओढणी घेऊन टाकीखाली उभी राहिले. पाणीवाल्यानं व्हॉल्व्ह फिरवला आणि मी चालायला लागले. ऊन असं की कुत्रंही सावली सोडत नव्हतं. पहिल्या घराचा नळ सुटला, दुसऱ्या घराचा सुटला. आणि दुसऱ्या घराच्या परसातून आवाज आला, घर्रर्र. मी नोटीसवाली सरपंच, माझे कान टवकारले. म्हटलं, सापडला चोर. नाव मनात लिहून ठेवलं. तिसऱ्या घरी पुन्हा घर्रर्र. तेही लिहून ठेवलं. पाचव्या घराशी आले. भिंतीवर माझी नोटीस, माझी सही, माझा शिक्का. आणि भिंतीच्या आतून घर्रर्र.

ते माझं घर होतं.

मला ती मोटर माहीत नव्हती का? होती की. सहा वर्षं माहीत होती. परसात न्हाणीजवळ पोत्याखाली झाकलेली असायची, पाण्याच्या दिवशी आत्याबाई बटण दाबायच्या. त्याच पाण्यानं मी न्हायची, माझ्या गुलाबांना घालायची. पण आमच्या घरी तिला कोणी मोटर म्हणतच नव्हतं. "ते चालू केलं का?" एवढंच म्हणायचो. मोटारी दुसरे लोक लावतात, आपली ती सोय. मी भिंतीशी उभी होते आणि शेजारची बाई दारातून माझ्याकडे पाहत होती. तिनं मान वळवून हसू लपवलं. कोणी मला भर रस्त्यात शिव्या दिल्या असत्या तरी मला इतकी लाज वाटली नसती.

तिथून शेवटच्या नळापर्यंत मी कशी गेले मला माहीत नाही. टाकीपासून आमची सोडून एकूण अकरा घर्रर्र मोजल्या. काकाजी बाजेवर बसले होते, नळाची तोटी उघडी, आणि त्यातून नुसतं फुस्स्स. मी बाजेवर बसले.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"साऱ्या गावाले माहीत हाय."

"मग मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तं तू घरी जाऊन भांडली असती, मोटर बंद झाली असती, अन् आठ दिवसानं पुन्हा लागली असती. मी सरपंच होतो तवा धाकानं चार मोटारी काढल्या होत्या. चारीच्या चारी पुन्हा लागल्या." मग हसले. "मले वाटलं, पाण्यासंगं चालशील तं तुलेच ऐकू येईल. तू सहा महिने चाललीच नाही तं मी काय करू?"

घरी आले आणि आत्याबाईंना म्हटलं, मोटर काढायची. त्यांनी पदर खोचला आणि मला हात धरून परसात नेलं. "हे डोस्कं पाह्य," म्हणाल्या आणि माझा हात आपल्या टाळूवर ठेवला. टाळूवर केस विरळ, मधे टक्कल पडलेलं. "तीस वर्षं गोडं पाणी वाहिलं म्यां, दीड कोसावरून. ही मोटर मले देवानं देली. तुही सरपंची पाच वर्षांची, मले जिंदगी काढायची हाय अठी."

त्यांचं खरंच होतं. मी एवढंच म्हटलं, "आत्याबाई, काकूंनी तुमच्याइतकंच पाणी वाहिलं. त्यांची घागर पालथी पडून आहे." त्या आत निघून गेल्या. संध्याकाळी जेवताना आमचे हे तर मान वर करून पाहायलाही तयार नव्हते.

अक्षय तृतीयेच्या चार दिवस आधी मी ग्रामसभा बोलावली. सकाळी उठून पाहते तर परसातली मोटर सुटी करून, पुसून, पोत्यावर ठेवलेली. आमच्या ह्यांना विचारलं तर म्हणाले, "मी नाही बा, आईनं पाना मागितला होता." मी मोटर डोक्यावर घेतली. पिशवीत घालून स्कूटीवर नेता आली असती. पण नाही नेली. भर बाजारपेठेतून डोक्यावर घेऊन गेले, आणि मागून आत्याबाई, गुडघ्यावर हात ठेवत.

सभेत मी मोटर टेबलावर ठेवली. भाषण पाठ केलं होतं, ते विसरले. म्हटलं, "ही माझ्या घरची. नोटीशीच्या मागंच होती. चुकले. आज काढली." आणि खाली बसले. मग मागच्या बाजूनं एक जण उठला, दुसऱ्या घर्रर्रचा मालक. म्हणाला, सूनबाईंनी काढली ठीक, पण आमच्या घरी माणसं जास्त, आम्हाला जमणार नाही.

तेव्हा आत्याबाई उठल्या. "माही मोटर गेली," म्हणाल्या, "तुही कोण मोठी लागून गेली रे?"

सभा अशी हसली की तोही हसला. एकदा माणूस हसला की मग त्याला नाही म्हणणं जड जातं. संध्याकाळपर्यंत पंचायतीच्या व्हरांड्यात नऊ मोटारी येऊन पडल्या. दोन आल्या नाहीत. त्या घरांसमोर आत्याबाई दुसऱ्या दिवशी सकाळपासून खुर्ची टाकून बसल्या आणि सांगायला आनंद वाटतो, दुपारी त्याही आल्या.

अक्षय तृतीयेला, सणासाठी म्हणून, पाणी सकाळीच सोडायला सांगितलं होतं; मी पाण्यासंगं पायी निघाले. मारुतीपर्यंत कुठूनही घर्रर्र नाही. प्रत्येक नळाला धार, जरा बारीक, पण धार. बौद्धपुऱ्यात बाया हंडे लावून उभ्या होत्या. काकाजी नळाशी उभे होते, धुतलेलं धोतर, नवी बंडी. तोटी उघडी. फुस्स्स झालं. पुन्हा फुस्स्स. मग नळ खोकला, गढूळ पाण्याची एक उचकी आली, आणि त्यामागून स्वच्छ धार पडली, आधी करंगळीएवढी, मग अंगठ्याएवढी.

काकाजींनी लगेच घागर लावली नाही. काठी टेकत बौद्धपुऱ्यात गेले, प्रत्येक दारात विचारलं, आलं का. सगळीकडून हो आल्यावर परत आले, घागर सुलटी केली, धुतली, भरली. मी हात लावायला गेले तर म्हणाले, राहू दे. स्वतः उचलून आत नेली. पाटावर काकूंचा फोटो होता. घागरीवर आंबा ठेवला, तांब्याभर पाणी फोटोसमोर ठेवलं. मी दारात उभी होते आणि माझे डोळे वाहत होते, ते मी पुसलेही नाहीत.

"घे वं," ते फोटोला म्हणाले. "भल्ला उशीर झाला. मले काही जमलं नाही. हे पाणी सरपंचानं आणलं."

मी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.